कंपनीवरची निष्ठा कुठपर्यंत ठीक? धाकट्या भावाची काळजी वाटते

सुदामानगर_ताई

मी इंदूरची. सुदामा नगरात राहते, शाळेत गणित शिकवते. धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे, आई त्याच्याबरोबर लोकमान्य नगरच्या आमच्या जुन्या घरी असते. विजय नगरकडे ऑनलाइन कोर्स विकणारी एक कंपनी आहे, तिथे तो सेल्समध्ये आहे. नाव लिहीत नाही, कारण त्याची नोकरी अजून तिथेच आहे.

आधी चांगलं ते सांगते. पगार वेळेवर होतो. इन्सेन्टिव्हमधून त्याने आईला वॉशिंग मशीन घेऊन दिलं. बाबा गेले तेव्हा तो दिवसदिवस खोलीचं दार लावून पडून असायचा. या नोकरीने त्याला उठवून उभं केलं, हेही खरं आहे. म्हणून तर मला कोणाशी बोलता येत नाही. आई म्हणते, पोरगा कामाला लागलाय, तुला काय खुपतंय?

खुपतंय ते हे. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बैठक असते. आठवड्यात आपण कुठे कमी पडलो ते प्रत्येकाने उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. मध्यंतरी एका सकाळी तो आईला मोतीबिंदूच्या तपासणीला घेऊन गेला होता. त्या शनिवारी त्याने उभं राहून सांगितलं की मी घरच्या कारणाचा आडोसा घेतला, त्यामुळे टार्गेट हुकलं, टीमची माफी मागतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे कोणी येऊन माझ्या कानात सांगितलेलं नाही. त्यानेच जेवताना सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. त्यांचे कंपनीतले सर म्हणाले म्हणे, "सच बोलने का जिगर सबमें नहीं होता." आई शेजारीच बसून आमटी वाढत होती.

रात्री अकराच्या सुमारास या सरांची व्हॉइस नोट ग्रुपवर येते. त्यातून आपण काय शिकलो ते झोपण्याआधी प्रत्येकाने लिहायचं. कोणी लिहिलं नाही याची यादी सकाळी वाचली जाते.

बाबांच्या वर्षश्राद्धाला गुरुजी आले होते, संकल्प झाला होता. मधेच फोन वाजला. सरांचं लाइव्ह होतं, कॅमेरा चालू ठेवून हजर राहायचं होतं. हा उठला, सोवळ्यावर कंपनीचा पिवळा टी-शर्ट चढवला आणि आतल्या खोलीत जाऊन बसला. मी दारातून पाहिलं. लॅपटॉपसमोर हसत टाळ्या वाजवत होता आणि बोटात दर्भाचं पवित्रक तसंच होतं. गुरुजी पळी-पंचपात्र पुढ्यात घेऊन थांबले. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, आम्हीच कानकोंडे झालो.

आणि शेवटची गोष्ट, जिने मला हे लिहायला बसवलं. त्याचा एक मित्र त्याच कंपनीत होता. उज्जैनचा मुलगा. रविवारी आमच्याकडे पोहे खायला यायचा, आई त्याच्यासाठी शेव वेगळी काढून ठेवायची. दिवाळीत त्याने नोकरी सोडली. त्या दिवसापासून त्याचं नाव घरात निघत नाही. ग्रुपमधून काढलं, ऑफिसच्या भिंतीवरचा फोटो काढला, ते कंपनीचं झालं. पण याने स्वतःच्या फोनमधूनही त्याला ब्लॉक केलं. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, वर पेनाने "भाई, आना ही है" असं लिहिलेलं. ती मला कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सापडली. लग्न होऊन गेलं होतं.

आमच्या घरात भक्तीचं वावडं नाही. देव्हाऱ्याशेजारी नाना महाराज तराणेकरांचा फोटो आहे, गुरुवारी करुणा त्रिपदी होते. पण एखाद्या गुरुवारी गेलो नाही तर का आला नाहीत असं आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि जो यायचा थांबला त्याच्याशी कोणी बोलणं तोडलेलं नाही. म्हणून विचारते. परदेशात ज्यांना कल्ट म्हणतात, म्हणजे एका गुरूभोवती माणसाला बाकी जगापासून तोडणारे पंथ, ते आणि ही नोकरी यांत खरंच साम्य आहे का, की मी मोठी बहीण म्हणून जास्त घाबरते आहे? त्याला विचारलं तर एकच उत्तर येतं, "ताई, तुला मिशन नहीं समझेगा." घरी आम्ही मराठीच बोलतो. हे वाक्य तो हिंदीतच बोलतो, सरांच्या आवाजात.

परदेशीपुरा_मिल_एरिया

ताई, मी साठी ओलांडलेला माणूस आहे. वडील इथल्याच एका कापड मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मरेपर्यंत "आपली मिल" म्हणायचे. "मालकाची" असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तेव्हा कामाच्या जागेवर जीव लावणं हा आजार आहे असं मला कोणी सांगू नये.

पण त्या निष्ठेची जात वेगळी होती. भोंगा झाला की मिल संपायची. गेटबाहेर युनियनच्या सभा व्हायच्या, तिथे मालकाला शिव्या देणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच साच्यावर उभा राहायचा. कापसाची धूळ छातीत जायची, मजुरी कमी होती, तेही सगळं खरं. मिलने हात मागितले, आठ तास मागितले. रात्री झोपण्यापूर्वी माझ्याबद्दल काय विचार केलास ते सांग, असं मिलने विचारलं नाही.

हुकुमचंद मिलचं इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, कामगारांची देणी कोर्टात अडकली आणि २२४ कोटींचा चेक मिळाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. सुमारे ४,८०० कामगारांचा प्रश्न होता. तोवर कित्येक जण गेले होते, त्यांच्या बायकामुलांनी पैसे घेतले. इतकी वर्षं हा लढा ज्यांनी चालवला त्यांना कोणी व्हॉइस नोट पाठवत नव्हतं. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात, बघितल्याच असतील. मिली बंद, चिमण्या थंड, आणि माणसं वर्गणी काढून झांकी सजवतात. ती निष्ठा एकमेकांवर होती, म्हणून मालक गेला तरी ती राहिली. तुमच्या भावाच्या कंपनीत एक मुलगा गेला आणि दुसऱ्या दिवशी मैत्री संपली. मला यातच उत्तर दिसतं.

मानसशास्त्र_शिकवते

ताई, तुम्ही घाबरता आहात ते उगाच नाही. थोडं सविस्तर लिहिते.

रॉबर्ट जे लिफ्टन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९५४-५५ मध्ये हाँगकाँगला राहून, चीनमधल्या कम्युनिस्ट राजवटीच्या 'विचारसुधारणे'तून, म्हणजे दबाव आणून माणसाचे विचार बदलण्याच्या मोहिमेतून, बाहेर पडलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. १९६१ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाचं मन पूर्ण ताब्यात घेणाऱ्या वातावरणाची आठ लक्षणं त्यात आहेत. सगळी इथे उतरवत नाही, तुमच्या वर्णनाला भिडतात तेवढीच घेते. बाहेरची माहिती आणि बाहेरची माणसं कमी करत नेणं. 'शुद्ध' होण्याची मागणी, म्हणजे तुम्ही कधीच पुरेसे नसता. सगळ्यांसमोर कबुलीजबाब. माणसाच्या अनुभवापेक्षा शिकवण खरी मानणं: आईच्या डोळ्याची तपासणी हा त्याचा अनुभव, पण शिकवणीप्रमाणे ते कारण सांगणं झालं, आणि त्याने शिकवण खरी मानली. शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर आहे. आतला माणूस तेवढा माणूस, बाहेर गेलेला जणू नाहीच.

फरकही सांगायला हवा. कंपनी पगार देते, रात्री घरी सोडते, राजीनामा नावाचं दार कागदावर तरी उघडं असतं. कल्ट हे लेबल लावायची मला घाई नाही. लेबल लावलं की भावाशी बोलणं तिथेच बंद होईल. एकेक लक्षण किती खोल आहे एवढंच बघा. कबुलीजबाब आणि सोडून गेलेल्यावर बहिष्कार ही दोन जिथे एकत्र येतात, तिथे मी सावध होते.

आता त्याच्याशी बोलायचं कसं. १९५९ मध्ये अ‍ॅरनसन आणि मिल्स यांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलींना एका चर्चागटात प्रवेश द्यायचा होता. काहींना त्यासाठी फार संकोच वाटेल अशी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना गटाची चर्चा ऐकवली, आणि ती मुद्दाम कंटाळवाणी केलेली होती. जिला जास्त सोसावं लागलं होतं, तिला ती चर्चा जास्त चांगली वाटली. एवढं सोसून मिळवलेली गोष्ट फालतू होती असं स्वतःला सांगणं जड जातं. तुमच्या भावाने बाबांच्या श्राद्धातून उठून त्या लाइव्हला हजेरी लावली आहे. जिवलग मित्र गमावला आहे. ही किंमत मोजल्यावर "कंपनी वाईट आहे" हे वाक्य त्याला ऐकूच येणार नाही, उलट तो जास्त घट्ट धरून बसेल. कंपनीबद्दल बोलूच नका. मित्राबद्दल बोला. बाबांबद्दल बोला. जे त्याचं स्वतःचं आहे आणि सरांनी दिलेलं नाही, तिथून सुरुवात करा.

सुपरकॉरिडॉर_वाला

मी तुमच्या भावाच्याच वयाचा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. देवासहून आलो तेव्हा इंग्रजीत दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती. आमच्याकडेही सकाळी घोषणा असतात, टी-शर्ट आहे, सेल झाला की घंटा वाजते. मला आवडतं. कॉलेजात मला कोणी ओळखत नव्हतं, इथे माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. डेंग्यू झाला तेव्हा टीममधल्या मुलांनी पाळी लावून दवाखान्यात रात्री काढल्या, माझे आईवडील दुसऱ्या दिवशी पोहोचले. बाहेरच्यांना हे सगळं वेडेपणाचं वाटतं. ज्याला घराबाहेर पहिल्यांदा कोणी आपलं म्हटलं, त्याला विचारा.

मानसशास्त्र_शिकवते

तुमचं म्हणणं मला पटतं. ताईंचा भाऊही बहुधा याच गोष्टीसाठी तिथे रमला, वडील नुकतेच गेले होते. फक्त एक सांगा. तुमच्या टीममधला कोणी सोडून गेला तर त्याच्याशी संबंध राहतो का?

सुपरकॉरिडॉर_वाला

राहतो. आमचा आधीचा टीम लीड बेंगळुरूला गेला. त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही गाडी करून महूला गेलो होतो, मॅनेजरही होता. ताईंनी लग्नपत्रिकेचं लिहिलं ते वाचून मलाही विचित्र वाटलं. तसं आमच्याकडे नाही.

पीथमपूर_एचआर

पीथमपूरच्या कारखान्यांत बरीच वर्षं एचआरचं काम करते आहे. वरच्या मुलाने लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. घोषणा, गाणी आणि टी-शर्ट यांवरून काही ठरत नाही. आयबीएममध्ये १९३० च्या दशकात कंपनीची छापील गाणी होती, कंपनीचा प्रमुख थॉमस वॉटसन याच्या स्तुतीची, आणि लोक ती उभं राहून म्हणायचे. मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासोनिक, तिथे १९३३ पासून तत्त्वं रोज सकाळी म्हणायची पद्धत. वॉलमार्टचा संस्थापक सॅम वॉल्टन १९७५ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका टेनिस बॉलच्या कारखान्यात कामगारांना सकाळी आरोळ्या देताना पाहून आला आणि आपल्या कंपनीत तसंच सुरू केलं. या कंपन्यांत लोकांनी आयुष्यं काढली आणि घरचे सणवारही केले.

मी कुठल्याही कंपनीत गेले की दोन गोष्टी बघते. वाईट बातमी वर जाते का, आणि माणूस बाहेर कसा पडतो.

पहिलीचं उदाहरण एनरॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी. ऑगस्ट २००१ मध्ये शेरॉन वॉटकिन्स या तिथल्या उपाध्यक्ष बाईंनी कंपनीचे प्रमुख केनेथ ले यांना लिहून कळवलं की हिशेबात मोठी गडबड आहे. त्यानंतर, असं सांगणाऱ्या माणसाला कामावरून काढता येईल का, याबद्दल वकिलांचं मत मागवलं गेलं. डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. हजारो कर्मचाऱ्यांनी निवृत्तीची बचत एनरॉनच्याच शेअरमध्ये ठेवली होती, कारण कंपनीवर विश्वास होता. नोकरी आणि बचत दोन्ही एकदमच गेली.

दुसऱ्या गोष्टीसाठी आम्ही एक्झिट इंटरव्ह्यू घेतो. सोडून जाणाऱ्याला चहा पाजून, काय चुकलं ते विचारून, हिशेब देऊन पाठवतो. परत आला तर घेतो. जिथे जाणाऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरतो, तिथे भिंतीवर उरलेल्यांना इशारा दिलेला असतो. ताई, शनिवारची ती बैठक मी माझ्या आवारात एक दिवस चालू देणार नाही. कामाचा आढावा टेबलावर आकडे ठेवून घेतात. आईला डॉक्टरकडे नेल्याची माफी मागायला लावणं हा आढावा नाही, छळ आहे, मग त्यावर टाळ्या वाजोत की न वाजोत.

राजवाडा_कट्टा

आपल्या भागातलं उदाहरण सहाराचं आहे, ते या चर्चेत यायलाच हवं. भेटल्यावर छातीवर हात ठेवून "सहारा प्रणाम". कंपनीचं नाव परिवार, कर्मचारी कर्तव्ययोगी, प्रमुखांना सहाराश्री. ३१ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४,००० कोटी रुपये १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितले. त्यानंतर, ६ मे २०१३ ला लखनौत १,२१,६५३ लोकांनी एकत्र राष्ट्रगीत म्हणून जागतिक विक्रम केला. कोर्टाचा आदेश समोर असताना एवढी माणसं रांगेत उभी राहिली, हे मला आजही विचार करायला लावतं. गावोगावच्या एजंटांनी शेजाऱ्यांचे, नातेवाइकांचे पैसे आणले होते, आणि बहुतेकांनी ते मनापासून विश्वास ठेवून आणले होते. सहाराच्या सहकारी संस्थांत अडकलेले पैसे परत मागायचं सरकारी पोर्टल जुलै २०२३ मध्ये उघडलं. नेता मोठा की लहान, यापेक्षा मला वाटतं, विश्वास ठेवणाऱ्याने दुसऱ्या कोणाला आत ओढलं की प्रकरण अवघड होतं. मग स्वतः बाहेर पडणं म्हणजे ज्यांना आणलं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं. ताई, भावाने नातेवाइकांत कोणाला ते कोर्स विकलेत का, हेही हळूच बघून ठेवा.

सुदामानगर_ताई

सगळ्यांचे आभार मानते. राजवाडावाल्या दादांनी विचारलं ते खरं निघालं. मावशीच्या मुलीला त्याने कोर्स विकलाय, हप्त्यांवर. मावशी आम्हाला बोलली नव्हती, मीच विचारल्यावर सांगितलं.

मानसशास्त्राच्या मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी कंपनीचा विषय काढला नाही. पत्रिका मात्र काढली. टेबलावर ठेवली आणि विचारलं, उज्जैनचं लग्न कसं झालं रे? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गेलो असतो तर फोटोत आलो असतो, फोटो सरांपर्यंत गेला असता. मी म्हटलं, गेला असता तर काय झालं असतं? तेव्हा जे बाहेर आलं ते मला माहीतच नव्हतं. रुजू होताना त्याच्याकडून दोन वर्षांच्या बॉन्डवर सही घेतली आहे, एक कोरा चेक घेतला आहे आणि बीकॉमच्या मूळ मार्कशीट कंपनीच्या कपाटात आहेत. मित्राच्याही होत्या, त्याला त्या अजून मिळालेल्या नाहीत. निष्ठा किती आणि ही भीती किती, ते आता मला वेगळं काढता येत नाही. बहुतेक त्यालाही येत नाही.

त्याने नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही. ते तो ठरवेल. पण ठरवायला मोकळा तरी असावा. एचआर मॅडम, या कागदांचं काय करायचं?

पीथमपूर_एचआर

बरं झालं विचारलंत. बॉन्डला लोक हवं त्यापेक्षा जास्त घाबरतात, आणि कंपन्यांना ते हवंच असतं.

नोकरी सोडल्यावर अमुक ठिकाणी काम करायचं नाही, अशी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली टिकत नाही. ठरावीक काळ नोकरी करण्याचा बॉन्ड मात्र वेगळा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. ती सार्वजनिक क्षेत्रातली बँक, भरतीचा खर्च मोठा, अधिकाऱ्याची जागा. तुमच्या भावाच्या बॉन्डमध्ये रक्कम किती लिहिली आहे आणि प्रशिक्षणावर कंपनीने खरंच काय खर्च केला, यावर सगळं अवलंबून राहील. तेव्हा आधी तो कागद वाचा, आणि इथल्या कामगार कायद्याच्या एखाद्या वकिलाला दाखवा.

मार्कशीट त्याच्या आहेत. त्याने स्वतःच्या ईमेलवरून एचआरला साधं दोन ओळींचं पत्र लिहावं, की पुढच्या शिक्षणासाठी मूळ कागद हवे आहेत, कधी घ्यायला येऊ. भांडणाची भाषा नको, राजीनाम्याचा उल्लेख नको. उत्तर काहीही आलं तरी ते लेखी येऊ द्या. चेकचा नंबर चेकबुकच्या अर्ध्या पट्टीवर असेल, तो लिहून ठेवा आणि तो चेक कशासाठी घेतला हेही त्याच पत्रात लेखी विचारा. उज्जैनच्या मित्रानेही तसंच पत्र पाठवावं. दोघांनी एकाच आठवड्यात पाठवलं तर बरं.

आणि हे सगळं करण्याआधी ऑफर लेटर, बॉन्डची प्रत आणि आजवरच्या पगाराच्या स्लिपा त्याने स्वतःच्या ईमेलवर काढून घ्याव्यात. कंपनीचं लॉगिन कधी बंद होईल ते सांगता येत नाही, बहुतेक ठिकाणी राजीनामा दिला त्याच संध्याकाळी होतं.